झाकून ठेवलेला भात

[दृश्य: रात्रीचे साडेदहा. ओट्यावर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, त्यावर उपडी ताटली. पंख्याची घरघर.]

सोलापूर. मे महिना. पूर्व भागातलं दोन खोल्यांचं घर. जेवणं आटोपली, भांडी घासून पालथी घातली आणि ओट्यावर एकच पातेलं राहिलं. त्यात भात आहे, निम्म्याहून जास्त. पाहुणे येणार होते, आले नाहीत.

दुपारी बाहेर ४२ अंश होतं. आता ऊन नाही, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर आपली ऊब खाली सोडत राहतो. ओट्याजवळ आमचा थर्मामीटर ३४ दाखवतोय.

या घरच्या अक्का ताटलीवर वरवंटा ठेवतात. मांजरासाठी. मग दिवा मालवतात.

"सकाळी फोडणी द्यायची. लिंबू पिळलं की पोरं गपगुमान खातेत."

[दृश्य: फ्रीजचं दार उघडतं. आत ओळीनं पाण्याच्या बाटल्या.]

घरात फ्रीज आहे. पण ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं उन्हाळ्यात फ्रीज आधी पाण्याचा असतो आणि मग अन्नाचा. दोन खण बाटल्यांनी भरलेत, तिसऱ्यात दही, मिरच्या आणि इडलीचं पीठ. पातेलं बसणार कुठं? शिवाय गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवलं की फ्रीज बिघडतो, असं अक्कांच्या सासूबाईंचं ठाम मत.

[दृश्य: सकाळ. चौकातला चहाचा गाडा. लोकांचे चेहरे.]

रात्रभर बाहेर राहिलेलं शिजवलेलं अन्न सकाळी खावं का? सोलापुरात हा प्रश्न कुणालाही विचारा, आधी हसू येतं. "काय होतंय बे त्याला? आमचं आख्खं बालपण त्याच्यावर गेलंय."

माझंही गेलंय. फोडणीचा भात, चपातीचा कुस्करा, शिळी भाकरी आणि दही. श्रावणात शिळासप्तमीला तर आदल्या दिवशी रांधलेलं खाण्याची रीतच आहे. तेव्हा या फिल्ममध्ये आम्ही कुणाला घाबरवायला बसलेलो नाही. बहुतेक सकाळी शिळं खाऊन काहीच होत नाही. कधी तरी पोट नुसतं ढवळतं आणि आपण "काल पाणी बदललं होतं" म्हणून मोकळे होतो. दोष भातावर जातच नाही, कारण भात तर आपला रोजचा.

अडचण अशी की ज्या सकाळी काही होतं, त्या सकाळचा भातही दिसायला अगदी तसाच असतो.

[दृश्य: पातेल्यात खोचलेली थर्मामीटरची तार. बाजूला घड्याळ.]

भाताच्या मधोमध आम्ही तापमान मोजणारी तार खोचून ठेवली होती. रात्री दोन वाजता आत ४७ अंश होतं. कडेला ३८. सकाळी सहा वाजता, फोडणीची कढई चढायच्या आधी, मधोमध ३७.

३७ अंश म्हणजे आपल्या अंगाची ऊब. पातेलं रात्रभर निवत होतं, पण निवता निवता ते नेमकं त्या उबेत येऊन थांबलं जी जंतूंना सगळ्यात मानवते. वर ताटली, म्हणजे वाफ आतच. आत ओल, ऊब आणि पिठूळ खाऊ. कोंबडीनं अंडी उबवायला यापेक्षा वेगळं काय मागितलं असतं?

[दृश्य: तांदूळ निवडणारे हात.]

भातातल्या जंतूचं नाव बॅसिलस सेरियस. १८८७ मध्ये त्याचं वर्णन झालं. सेरियस म्हणजे मेणासारखा; प्रयोगशाळेतल्या बशीत त्याचे ठिपके मेणचट दिसतात म्हणून. तो परदेशातून येत नाही. शेतातल्या मातीत असतो आणि मातीतून तांदळावर, ज्वारीवर, डाळीवर, मसाल्यावर येतो. आपल्या प्रत्येकाच्या डब्यात तो थोडाफार आहेच.

मग भात शिजवताना मरत नाही का? जंतू मरतो, त्याचे बीजाणू मरत नाहीत. बीजाणू म्हणजे जंतूनं वाईट दिवसांसाठी स्वतःभोवती बांधलेली गढी. उकळतं पाणी येतं आणि जातं, आतला जीव झोपून राहतो. भात निवायला लागला की त्याला जाग येते. उलट शिजवण्यानं त्याचं एक काम सोपंच होतं, शेजारपाजारचे बाकीचे जंतू मेलेले असतात. रान मोकळं.

जागा झालेला बॅसिलस ३० ते ३७ अंशांत जोमानं वाढतो, आणि त्याचे काही वाण वाढताना एक विष भातात सोडतात. सेर्युलाइड. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होतात. दुसऱ्या जातीचं विष आतड्यात तयार होतं, त्यानं आठ-दहा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब.

[दृश्य: कढईत मोहरी तडतडते. कढीपत्ता. भात पडतो.]

आता फोडणी. आपल्याला वाटतं, मोठ्या आचेवर परतला, चरचर आवाज आला, वाफ निघाली, काय असेल ते मेलं. जंतू खरंच मरतात. सेर्युलाइड मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नाही. ते एक रसायन आहे आणि भलतंच चिवट आहे. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आत साधारण १२० अंश असतात. तेवढ्या उष्णतेत तासभर राहिलं तरी हे विष टिकतं. मग दोन मिनिटांच्या फोडणीनं त्याला काय होणार?

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात हे कोडं पुढं आलं. चायनीज हॉटेलांत फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या व्हायच्या. शोध घेतला तेव्हा रीत सापडली: आदल्या दिवशी मोठ्या भांड्यात भात उकडायचा, रात्रभर बाहेर निवत ठेवायचा (फ्रीजमध्ये त्याचे गोळे होतात म्हणून) आणि गिऱ्हाईक आलं की मोठ्या जाळावर भराभर परतून द्यायचा. वाचताना मला तर अक्कांचं स्वयंपाकघरच दिसलं. सोया सॉसच्या जागी हळद आणि शेंगदाणे, एवढाच फरक.

हा त्रास बहुतेकांना एका दिवसात ओसरतो. पण क्वचित, अगदी क्वचित, तो जिवावर बेततो. २००८ मध्ये बेल्जियममधल्या २० वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं पाच दिवस बाहेर राहिलेला पास्ता गरम करून खाल्ला आणि त्याच रात्री तो गेला. विषानं त्याचं यकृत निकामी केलं होतं. पाच दिवस म्हणजे एक रात्र नव्हे, हे कबूल. गरम केल्यानं काही वाचलं नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

[दृश्य: सासूबाई पातेल्यावरची ताटली उचलून वास घेतात.]

"वास घेऊन बघतोय की आपण. उतरलेलं अन्न कळतंय."

सासूबाईंचं नाक तयारीचं आहे. भाजी उतरली, वरण आंबलं, भाताला तार सुटली, हे त्या दारातून ओळखतात. आंबूस वास आणि तार आणणारे जंतू वेगळे असतात. ते अन्न नासवतात, बोभाटा करतात. बॅसिलस सेरियस आणि त्याचं विष मात्र वास, चव, रंग यांपैकी कशालाही हात न लावता भातात बसू शकतं. म्हणून नाकानं "टाक" म्हटलं तर टाकायचंच. पण नाक गप्प बसलं म्हणजे परवानगी मिळाली, असं धरून चालता येत नाही.

सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि चहा पाठवला.

[दृश्य: रविवारची संध्याकाळ. मटणाच्या रश्श्याचं मोठं पातेलं, वर लाल तर्री.]

भाताचं झालं. मटणाची गोष्ट वेगळी आहे, आणि सोलापुरात ती टाळून पुढं जाता येणार नाही. रस्सा मुरला की चव येते, असं इथं प्रत्येक घर सांगतं. चवीपुरतं ते खरंच आहे.

रश्श्यातला जंतू दुसरा, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याचेही बीजाणू उकळीत टिकतात. याला हवा नको असते, आणि उकळून उकळून हवा निघून गेलेला दाट रस्सा, वर तेलाचा थर, यापेक्षा त्याला हवं तसं घर मिळणार नाही. ४३ ते ४७ अंशांत तो इतक्या वेगानं वाढतो की साधारण दहा मिनिटांत एकाचे दोन होतात. हिशेब करून बघा. तासात ६४. तीन तासांत अडीच लाखांवर. आणि दहा किलोचं पातेलं त्या उबेत तीन तासांहून कितीतरी जास्त वेळ राहतं. लग्नाच्या, जत्रेच्या, वसतिगृहाच्या जेवणातून हा जंतू गाजतो तो भांड्याच्या आकारामुळे. वाटीभर रस्सा लवकर निवतो, हंडा निवत नाही.

इथं एक दिलासा आहे. याचं विष अन्नात नाही, जंतू पोटात गेल्यावर आतड्यात तयार होतं. म्हणजे वेळेत फ्रीजमध्ये गेलेला रस्सा दुसऱ्या दिवशी खळखळून उकळला, तर राहिलेसाहिले जंतू मरतात. नुसता कोमट करून घेतला तर मात्र आपण त्यांना पाटावर बसवून वाढतोय. शिळ्या कढीला ऊत आणू नये म्हणतात. शिळ्या रश्श्याला आणावा, आणि चांगला खदखदून आणावा.

तिसरा जंतू आपल्याच हातावर असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. नाकात, बोटावरच्या पिकलेल्या फोडात. हातानं कालवलेलं, मळलेलं, वळलेलं काही उबेत राहिलं की हा वाढतो, आणि याचंही विष उकळून जात नाही. खवा, पेढा, श्रीखंड, पुरण इथं त्याची भीती जास्त. बोट कापलं असेल तर पट्टी बांधा आणि पुरण वाटायला दुसऱ्याला बसवा.

[दृश्य: कडक भाकऱ्यांची चवड. एक भाकरी हातानं मोडते. कडकड आवाज.]

हा आवाज सोलापूरचा.

गंमत बघा. हेच शहर, हाच उन्हाळा, आणि याच घरात फडताळातल्या डब्यात महिनाभरापूर्वीच्या भाकरी आहेत. त्यांना कुणी शिळं म्हणत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या काळ्या रानातल्या ज्वारीची पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर तिच्यातलं पाणी पार निघून जाईपर्यंत वाळवायची. पापडासारखी मोडली की झाली. आमटीत चुरायची, नाहीतर शेंगाचटणी, वर कच्चं तेल आणि कांदा. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या सोलापुरी पोराच्या खोलीवर परीक्षेच्या दिवसांत दुसरं काही नसलं तरी हा डबा असतो.

ही भाकरी का टिकते? जंतूंनाही प्यायला पाणी लागतं. अन्नात त्यांच्या हाती लागेल असं मोकळं पाणी किती, हे शास्त्रज्ञ ० ते १ अशा मापानं मोजतात. शिजलेला भात १ च्या अगदी जवळ. माप ०.८५ च्या खाली गेलं की रोग देणारे जंतू वाढत नाहीत, आणि कडक भाकरी त्याच्या कितीतरी खाली असते. बीजाणू तिच्यातही आहेत. ते झोपलेत, आणि झोपूनच राहतात.

शेंगाचटणीचंही तेच. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. पाण्याचा थेंब नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात. पंढरीच्या वाटेवर निघणाऱ्याच्या शिदोरीत भाकरी-चटणी असायची, भाताचा हंडा नव्हे. कुणी प्रयोगशाळेत न जाता ठरवलेलं हे गणित आहे.

मऊ भाकरीचं काय? ती रात्रभर फडक्यात राहिली तर सहसा बिघडत नाही. तव्यावर कडकडीत भाजलेली असते, पातळ असते, पाच-दहा मिनिटांत निवते. उबेत रेंगाळतच नाही. दुसऱ्या दिवशी ती वातड होते तो पिठूळ भाग आकसल्यामुळे, जंतूंमुळे नाही. पण पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली तर दुसऱ्याच दिवशी बुरशी. आणि आमटीत कुस्करून ठेवलेली भाकरी म्हणजे भातच समजा.

[दृश्य: मातीच्या गाडग्यात भात, वर पाणी, ताक. म्हातारे हात.]

पूर्व भागात मागाच्या आवाजाबरोबर तेलुगू ऐकू येते. इथल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत जुन्या बायका अजून चद्दन्नम सांगतात. रात्रीच्या भातात पाणी किंवा ताक घालायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा. तेलुगूत म्हण आहे: पेद्दल माट, चद्दन्नम मूट. थोरांचं बोलणं म्हणजे शिळ्या भाताची शिदोरी.

हा भातही रात्रभर बाहेरच असतो. मग तो चालतो कसा? आंबतो म्हणून. ताकातले जंतू आम्ल तयार करतात आणि पुरेशा आंबट जागी बॅसिलस सेरियसला वाढता येत नाही. आपल्याकडची ज्वारीची आंबील याच वाटेवरची. पण यात वेळेला मोल आहे. ताक लगेच घातलं तर आंबटपणा आधी पोचतो. भात चार तास उबेत पडून राहिला, मग आठवलं म्हणून ताक घातलं, तर तोवर जे विष तयार झालं असेल ते आंबटानंही जात नाही. सकाळी फोडणीच्या भातावर लिंबू पिळण्याचा उपयोग चवीपुरताच, तो याचमुळे.

[दृश्य: सासूबाई ताटातलं शेवटचं शीत बोटानं टिपतात.]

सासूबाईंशी पुन्हा बोलणं झालं. चहानंतर.

"बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाऊन दिवस काढलेत आम्ही. तांबडी ज्वारी, परदेशातनं आलेली. खडी फोडायला जायचो, पोरांना सुकडी मिळायची. अन्न टाकायला हात उचलत नाही बाबा."

शिळ्याचा प्रश्न शेवटी इथं येतो. पातेलं रात्री ओट्यावर राहतं ते आळसानं नाही. ज्या बाईनं मिलो खाल्लाय तिला "दोन तास झाले, टाका" असं सांगणारा माणूस मूर्ख वाटणारच, आणि मला तिचं चूक वाटत नाही. म्हणून टाकण्याची वेळ येण्याआधीचं बोलूया.

[दृश्य: परात. भात पसरला जातो. वर पंखा.]

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा: शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, गार ठेवायचं तर ५ च्या खाली. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. मे महिन्यातल्या सोलापूरला मी तो एक तासच लावीन.

तर जेवण झालं की उरलेला भात परातीत पातळ पसरा, पंख्याखाली ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ जाते. मग पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये. तो किंचित कोमट असला तरी फ्रीज बिघडत नाही. उकळता हंडा ठेवू नये, कारण त्यानं आतलं दूध-दही तापतं. रस्सा दोन-तीन लहान भांड्यांत वाटून ठेवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढा, वाफाळेपर्यंत गरम करा, आणि पुन्हा उरवू नका. रात्रभर वीज गेली असेल तर बंद फ्रीजही ओट्यासारखाच.

फ्रीज नसेल तर? पाण्याच्या परातीत पातेलं ठेवायची जुनी युक्ती कोरड्या उन्हाळ्यात थोडी ऊब उतरवते, माठात पाणी गार होतं तशी. पण माठातलं पाणीही ५ अंशांवर येत नाही. त्या घरानं रात्री भात मोजून शिजवावा आणि उरण्यासाठी भाकरी ठेवावी. रात्रीच शेजारी वाटी गेली तर उत्तमच.

लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, साखरेचा किंवा किडनीचा आजार असलेलं कुणी, यांच्या ताटात मात्र रात्रभर बाहेर राहिलेला भात किंवा रस्सा नको. धडधाकट माणूस जी उलटी झटकून कामाला जातो, ती यांना सलाइनपर्यंत नेते.

उलट्या-जुलाब सुरू झालेच तर पाणी भरून काढणं पहिलं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ, घोट घोट. शौचातून रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, लघवी बंद, ग्लानी किंवा डोळे पिवळे दिसले तर दवाखाना. घरी वाट बघायची नाही.

[दृश्य: पुन्हा रात्र. तेच स्वयंपाकघर. साडेदहा.]

त्या सकाळचा भात शेवटी कुणी खाल्ला नाही. अक्कांनी तो खाली ओतला, सासूबाई तेवढ्यापुरत्या गॅलरीत गेल्या.

आज भात वाटीभर उरलाय. परातीत पसरलाय, पंखा वर. अक्का फ्रीज उघडतात, पाण्याच्या दोन बाटल्या बाहेर काढतात आणि डब्याला जागा करतात.

"बाटल्या कुठं ठेवू आता?"

"माठ आहे की," आतून आवाज येतो. थोड्या वेळानं पुन्हा. "आणि सकाळी पोरांना कडक भाकरी चुरून दे. दही आहे."

[दृश्य: फडताळातला पत्र्याचा डबा. झाकण उघडतं. कडकड आवाज. काळोख.]